आर्नींच्या तीनशे बारा केसेस

पितळेच्या तीनशे बारा नळ्या एकाच लांबीच्या कापायच्या, एवढंच काम होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या प्रकरणात पोलीस आले, कॉलनीची होमओनर्स असोसिएशन आली, सासूबाईंची जुनी साडी आली आणि राजेश देवस्थळी नावाच्या गृहस्थाचं ग्रीन कार्डसुद्धा आलं. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की मोरेश्वर काहीतरी भव्य करायला निघाला असणार. तसं काही नव्हतं. मी फक्त शेजारधर्म पाळत होतो.

शेजारी म्हणजे आर्नी लुंडक्विस्ट. सिएटलजवळ बॉथेलला आमच्या डाव्या हाताचं घर त्यांचं. वय अठ्ठ्याहत्तर, उंची सव्वासहा फूट, बोलणं मोजकं. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्या लॉनमोअरला हात न लावता, नुसता आवाज ऐकून त्यांनी त्याचा आजार सांगितला होता. जुन्या रायफलने नेमबाजी करायचा त्यांना छंद. गेली चाळीस वर्षं लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, सुट्टीत त्यांच्या क्लबाची स्पर्धा असते, आणि ती त्यांनी एकदाही चुकवलेली नाही.

आता गोळी झाडली की पुढचा भाग उडून जातो आणि मागे पितळेची रिकामी नळी उरते. तिला केस म्हणतात. काटकसरी माणूस ती टाकत नाही. साफ करतो, पुन्हा दारू भरतो, नवी गोळी बसवतो. हे तत्त्व आम्हाला पटवून द्यावं लागत नाही. आमच्या घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांची एक अख्खी फळी आहे. अडचण इतकीच की प्रत्येक वेळी झाडल्यावर ही केस थोडी लांब होते. थोडी म्हणजे खरोखरच केसभर. पण तेवढ्यानेही नेम बिघडतो, आणि फार वाढली तर धोकाही असतो. म्हणून ती पुन्हा कापून सारखी करायची. त्यासाठी एक हातभर लांबीचं यंत्र असतं. एका टोकाला केस अडकवायची, दुसऱ्या टोकाची मूठ फिरवायची.

२००४च्या ऑगस्टमध्ये आर्नी कुंपणापाशी आले आणि स्वतःचे हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघ." हात थरथरत होते. रायफल टेकवली की थांबतात, मोठा दांडा ओढायला काही वाटत नाही, पण बारीक काम होत नाही. यंदाची स्पर्धा बहुतेक राहणार.

मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. अचूकपणाचा विषय निघाला की माझी छाती आपोआप फुगते. मी म्हणालो, "आर्नी, ते माझ्यावर सोडा."

त्यांनी यंत्र दिलं, मोजायला कॅलिपर दिला, कॉफीचे तीन जुने डबे भरून केसेस दिल्या आणि स्वतःच्या गराजची किल्ली दिली. ते दहा दिवस मुलीकडे स्पोकेनला निघाले होते. गाडीत बसता बसता म्हणाले, "फर्स्ट साइझ देम, मोअर. देन ट्रिम. दोन पॉइंट चार आठ चार इंच."

माझं नाव मोरेश्वर हे त्यांना झेपत नाही. ते मला 'मोअर' म्हणतात, जणू काही वाढायला मागतायत.

'साइझ देम' याचा अर्थ मी सरळ घेतला: आधी साइझ बघ. मी तीनशे बाराच्या तीनशे बारा केसेस मोजल्या आणि त्यांच्या लांब्या एक्सेलमध्ये भरल्या. सरासरी काढली, आलेख काढला. दोन संध्याकाळी गेल्या. गराजची किल्ली टोमॅटोला पाणी घालायच्या नळासाठी असणार असं समजून मी रोज इमानाने टोमॅटोला पाणी घातलं.

तिसऱ्या दिवशी आमच्या गराजमध्ये कापायला बसलो. पहिल्या दहा केसेस कापल्या, मोजल्या, आणि दहांच्या दहा वेगवेगळ्या लांब्या निघाल्या. यंत्र तेच, माणूस तोच, मूठ तीच. मी यंत्राकडे संशयाने बघत बसलो.

नीलांबरी, म्हणजे माझी बायको, इथल्याच एका बायोटेक कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथे त्या लोकांना थेंबाचा हजारावा भाग मोजावा लागतो. ती गराजमधून कपडे घेऊन जाता जाता थांबली.

"कॅलिपर झीरो केलास का?"

"अगं, तो डिजिटल आहे."

"मिटवून बघ."

मिटवला. पडद्यावर शून्याऐवजी शून्य पॉइंट शून्य शून्य तीन आलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्नियरच्या प्रॅक्टिकलला मी शेजारच्या मुलीच्या वहीतली रीडिंग्ज उतरवली होती, त्याचं फळ मला पंचवीस वर्षांनी मिळालं.

"आणि बुडाशी चुरा अडकतोय," ती म्हणाली. "दर वेळी पुसून घे. मूठ कधी जोरात दाबतोस, कधी हळू. दाबूच नकोस, नुसती फिरव." एवढं बोलून ती कपडे घेऊन गेली. मी माझा अभ्यास आधीच तिथवर आला होता असा चेहरा केला, पण बघायला कोणी नव्हतं.

तिचं ऐकल्यावर लांब्या जुळायला लागल्या. चुरा पुसायचा, केस अडकवायची, न दाबता मूठ फिरवायची, आवाज थांबला की काढायची. दोन-चार-आठ-चार. पुन्हा दोन-चार-आठ-चार. यात एक प्रकारची समाधी लागते. शंभर झाल्या तेव्हा सुशांत आला.

सुशांत नागपूरचा, इथल्या महाराष्ट्र मंडळाचा सेक्रेटरी. जगातलं कुठलंही काम तो अर्ध्या वेळात करून देऊ शकतो, फक्त स्वतःचं सोडून. त्याने मूठ फिरवणारा मी बघितला आणि त्याला दया आली.

"यार, हाताने काय करतोस? ड्रिल लाव याला."

"एकसारखं व्हायला पाहिजे, सुशांत."

"मशीनपेक्षा एकसारखं कोण करणार? तू?"

हा वार वर्मी बसला. त्याने मूठ काढली, आपला कॉर्डलेस ड्रिल जोडला आणि भर्रकन एकतीस केसेस कापल्या. मी मोजायला घेतल्या. पहिली बरोबर. पाचवी जराशी आखूड. विसावी आणखी आखूड. थरथरण्याने पात्याचा स्क्रू ढिला होऊन पातं दर केसगणिक पुढे सरकत गेलं होतं. एकतिसावी केस इतकी आखूड होती की ती दुसऱ्याच कुठल्या तरी रायफलची वाटत होती.

"पण एकाच प्रमाणात कमी होतायत बघ," सुशांत म्हणाला. "कन्सिस्टंट आहे." आणि त्याला अचानक मीटिंग आठवली.

जाता जाता त्याने मंडळाच्या ईमेल ग्रुपवर गमतीत लिहिलं की मोरेश्वर हल्ली शेजाऱ्यांच्या केसेस बघतो. त्याचा परिणाम असा की दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला राजेश देवस्थळी यांचा फोन आला. मी त्यांना आयुष्यात भेटलो नव्हतो. त्यांच्या ग्रीन कार्डची केस तीन वर्षं अडकली होती आणि त्यांचा वकील फोन उचलत नव्हता. "तुम्ही तीनशे केसेस हँडल केल्या म्हणे," ते अत्यंत आदराने म्हणाले. मी म्हणालो, "हो, पण मी त्या कापतो." मग ते म्हणाले, "म्हणजे रिजेक्ट?"

हे समजावण्यात माझा लंच गेला. मंडळातल्या एका काकूंनी मात्र केस कापतो याचा वेगळाच अर्थ घेतला आणि नीलांबरीला सांगितलं, "चांगलं आहे गं, रिटायरमेंटनंतर दुकान टाकता येईल."

अशा रीतीने आठव्या दिवशी, एकतीस सोडून बाकी सगळ्या केसेस मी दोन-चार-आठ-चारवर आणल्या. तिन्ही डब्यांतल्या वेगळ्या ठेवल्या होत्या, ज्याच्या त्या डब्यात परत गेल्या. मी ऑफिसला गेलो तेव्हा माझ्याइतका समाधानी माणूस सिएटलच्या परिसरात नसेल.

घरी सासूबाई होत्या. पद्मिनीबाई, माझ्या सासूबाई, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आमच्या डिशवॉशरने त्यांना बेरोजगार केलं होतं. त्या काही शोधत गराजमध्ये गेल्या आणि त्यांना काळवंडलेल्या पितळेचे तीन डबे दिसले.

मी संध्याकाळी घरी पोचलो तर मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, त्यांची जुनी सुती साडी अंथरलेली, आणि तिच्यावर कुरडया वाळत घालाव्यात तशा तीनशे बारा केसेस ओळीने मांडलेल्या. देवघरातल्या समईला लाजवतील अशा लखलखत होत्या.

"मोरेश्वरराव, पितळ किती काळं पडू दिलंत हो," त्या म्हणाल्या. "चिंच-मिठाने घासलं. आतूनसुद्धा. बाटलीचा ब्रश होता ना, त्याने."

"आई, त्या तीन डब्यांत वेगवेगळ्या होत्या."

"हो का? मला तर सगळ्या सारख्याच दिसल्या."

आठ दिवस राबून मी हेच साधलं होतं. त्याबद्दल मला मिळालेली ही पहिली दाद.

मी काही बोलणार तेवढ्यात दारावरची बेल वाजली. प्रीताने, म्हणजे आमच्या मुलीने, दार उघडलं आणि आतून आवाज दिला, "बाबा, देअर्स अ पोलीस ऑफिसर. ही इज व्हेरी पोलाइट."

डेकच्या मागून फिरायची पायवाट जाते. तिथून जाणाऱ्या कोणाला तरी आमच्या डेकवर शेकडो काडतुसं आणि त्यांच्या शेजारी हातात फडका घेतलेल्या एक नऊवारीतल्या बाई दिसल्या होत्या. त्या वर्षांत आमच्या वर्णाच्या माणसाला विमानतळावर बूट काढतानासुद्धा प्रसन्न दिसावं लागे. तेव्हा ऑफिसर टॉम्पकिन्सना डेकवर नेताना मी किती प्रसन्न दिसत असेन याची कल्पना करा. मी एकाच दमात आर्नी, त्यांचे हात, लेबर डे, स्पोकेन आणि माझं नागरिकत्व सांगून टाकलं. तीन वर्षांपूर्वी शपथ घेतली त्या हॉलचा पत्तासुद्धा सांगितला.

ऑफिसर खाली बसले. एक केस उचलली, उजेडात धरली, आत डोकावले, वास घेतला.

"हे कशाने साफ केलं?"

"टॅमरिंड," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून सरकारी वही काढली. मला वाटलं, आता गुन्हा नोंदला जातोय. "स्पेलिंग काय?" त्यांनी विचारलं. ते स्वतः गेली पंधरा वर्षं घरी गोळ्या भरत होते आणि इतकं चकाकणारं पितळ त्यांनी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी माझ्यामार्फत त्यांना चिंच किती वेळ भिजवायची ते सांगितलं. जास्त वेळ ठेवलं तर पितळ लालसर होतं हेही सांगितलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.

निघताना ते सहज म्हणाले, "साइझ केल्यानंतर ट्रिम केल्यास ना?"

"साइझ बघितली," मी म्हणालो. "एक्सेलमध्ये आहे."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी ओळखतो. नव्या प्रोग्रॅमरकडे मी तसं पाहतो. साइझ करणं म्हणजे झाडून फुगलेली केस एका जड प्रेसमध्ये घालून, दांडा ओढून पुन्हा मूळ आकारात दाबणं. ते प्रेस आर्नींच्या गराजमध्ये होतं. किल्ली त्यासाठी होती. आणि दाबल्यावर केस लांब होते, प्रत्येक वेगवेगळी. म्हणजे माझ्या दोन-चार-आठ-चारला काहीच अर्थ उरणार नव्हता. "डोंट वरी," ऑफिसर म्हणाले, "सगळे एकदा करतात." पण ते स्वतःबद्दल बोलत नव्हते हे मला दिसत होतं.

दोन दिवसांनी असोसिएशनचं पत्र आलं. त्यात काडतुसांबद्दल अवाक्षर नव्हतं. तक्रार साडीची होती. डेकवर बाहेरून दिसेल असं कापड पसरणं नियम अकरा-ब प्रमाणे मना आहे, आणि हे कापड तात्पुरतं बांधकाम म्हणून ठेवायचं असेल तर सोबतचा फॉर्म, नकाशा आणि रंगाचा नमुना जोडून द्यावा. माझा स्वभाव असा की मी फॉर्म भरायला घेतला. नीलांबरीने तो काढून घेतला आणि एका ओळीचं उत्तर पाठवलं: कापड आत नेलं आहे.

आर्नी शनिवारी परतले. मी तिन्ही डबे घेऊन गेलो, सासूबाई माझ्याबरोबर आल्या. मी सगळं कबूल केलं. साइझचा घोळ, ड्रिल, एकतीस आखूड केसेस, मिसळलेले डबे. आर्नी मान हलवत ऐकत होते, मधे हसलेसुद्धा. मग त्यांनी एक डबा उचलला, फिरवून बघितला. दुसरा बघितला. तिसरा.

"लेबलं?" त्यांनी विचारलं.

डब्यांवर आधी चिकटपट्टीचे तुकडे होते, त्यांवर पेनाने 'वन्स', 'ट्वाइस', 'थ्री टाइम्स' असं लिहिलेलं. कुठल्या डब्यातल्या केसेस किती वेळा झाडल्यात त्याची ती खूण. "सासूबाईंनी डबे धुतले तेव्हा निघाली," मी म्हणालो.

आर्नी बाकावर बसले. "इन्ग्रिडचं अक्षर होतं," ते म्हणाले. "ट्रिमिंग तीच करायची. तीस वर्षं. स्वयंपाकघराच्या टेबलावर."

इन्ग्रिडबाई आम्ही राहायला यायच्या आधीच गेल्या होत्या. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या वळल्या आणि लगबगीने आमच्या घरी गेल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. दहा मिनिटांनी आल्या तेव्हा त्यांच्या हातात पोह्यांची एक पिशवी होती आणि मनगटावर चिकटपट्टीचे दोन तुकडे चिकटवलेले होते.

"टाकवलं नाही," त्या म्हणाल्या. "चांगली चिकटत होती, म्हणून सिंकच्या फरशीला लावून ठेवली होती. एक पोह्याच्या पिशवीला लावली." त्यांनी पिशवी उलटी केली. पिशवीच्या तोंडावर, जरा ओलसर पण वाचता येण्यासारखं, 'ट्वाइस' लिहिलेलं होतं.

आर्नींनी ती तिन्ही लेबलं बोटाने दाबून डब्यांवर परत चिकटवली. त्यांना वेळ लागला. सासूबाईंनी एका बाजूने डबा धरून ठेवला. "आता लेबल आणि आतला माल यांचा काही संबंध नाही," मी म्हणालो. टेस्टरची सवय.

"असू दे," आर्नी म्हणाले.

पुढचे चार दिवस त्यांच्या गराजमध्ये आम्ही सगळे. आर्नी दांडा ओढायचे. मी पुसून, न दाबता, हाताने कापायचो. नीलांबरी ऑफिसातून आल्यावर प्रत्येक दहावी केस मोजायची आणि काही बोलायची नाही, म्हणजे बरोबर. प्रीता कापलेल्या कडा घासून गुळगुळीत करायची आणि म्हणायची, "धिस इज चाइल्ड लेबर, बट ओके." सासूबाई आणि आर्नी एकमेकांशी मराठीत आणि इंग्रजीत बोलायचे, आपापल्या. त्या त्यांना 'आर्नीभाऊ' म्हणायच्या. ज्या केसेस सगळ्यांत जास्त लांबल्या त्या थकलेल्या असणार म्हणून बाजूला काढल्या, आखूड एकतीस तर गेल्याच, आणि शेवटी आर्नींनी साठ निवडल्या. दारू आणि गोळी बसवायचं काम त्यांचं. तिथे त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

लेबर डेला मी त्यांना ड्राइव्ह करून क्लबात घेऊन गेलो. दिवसभर मी मागे खुर्चीवर बसून प्रत्येक आवाजाला दचकत होतो. ते दचकणं भीतीचं नव्हतं. एखादी गोळी इकडेतिकडे गेली तर ती माझ्या केसची असेल, हा घोर होता. आर्नी रायफल पिशवीवर टेकवायचे, हात थांबायची वाट बघायचे, आणि मग झाडायचे. चौदा जणांत ते नववे आले. त्यांनी कागदावरचा आकडा बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गेल्या वर्षी अकरावा होतो."

स्पर्धा संपल्यावर माणसं कॉफीकडे वळली. एक काडतूस उरलं होतं. आर्नींनी रेंज ऑफिसरला विचारलं, मग माझ्याकडे वळले. "बस," ते म्हणाले.

मी आयुष्यात बंदूक धरली नव्हती. त्यांनी मला बसवलं, कानांवर आवाज अडवणारे इअरमफ चढवले, खांदा नीट केला, श्वास कधी सोडायचा ते सांगितलं. माझ्या शेजारची जागा बेव नावाच्या एका सत्तरीच्या बाईंची होती; त्यांचं टार्गेट अजून लावलेलंच होतं, पाच भोकं एका नाण्याखाली झाकावीत अशी. मी श्वास सोडला. आवाज झाला, खांद्याला धक्का बसला, आणि मी डोळे उघडले. म्हणजे ते मधे कधीतरी मिटले होते.

रायफल रिकामी आहे याची खात्री करून आर्नींनी ती खाली ठेवली आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघितलं. माझं टार्गेट कोरं होतं. बेवबाईंच्या टार्गेटवर, त्यांच्या पाच भोकांपासून चांगलं वीतभर लांब, एक सहावं भोक पडलं होतं. इंचाच्या हजाराव्या भागाची मी पंधरा दिवस काळजी घेतली होती, आणि गोळी आठ फूट बाजूला गेली होती.

बेवबाई कॉफीचा कप घेऊन आल्या, त्यांनीही बघितलं, आणि हे त्यांचं नाही असं शांतपणे सांगितलं.

आर्नींनी पडलेली केस उचलली, फुंकर मारून थंड केली, कॅलिपरने मोजल्यासारखी डोळ्यांसमोर धरली.

"मोअर," ते गंभीरपणे म्हणाले, "लांबी अगदी बरोबर होती."

आणि मग ते हसायला लागले. बाकाला धरून हसले, दुर्बिणीचा स्टँड हलेपर्यंत हसले. बेवबाई हसल्या, रेंज ऑफिसर हसला, आणि काही वेळाने, झालेला अपमान पुरता गिळून झाल्यावर, मीही हसलो. आर्नींचे हात थरथरत होते, पण त्या घडीला तिथे कोणाचेच हात स्थिर नव्हते.